बेसिनखालचं कपाट

आमच्या जालन्यात कोणाच्याही घरी जाऊन एखादं दार उगीच उघडून बघा, आत पाणी सापडेल. नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे टाकी संपली की ड्रम, ड्रम संपला की कॅन, असा आमचा संसार चालतो. बाहेरगावचे पाहुणे हसतात. दोन दिवस राहिले की तेही हात धुताना नळ बारीक सोडायला लागतात.

माझा पाण्याचा साठा बेसिनखालच्या कपाटात होता. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं बाथरूममध्ये हे पांढरं कपाट बसवून दिलं होतं आणि त्याच्या माहितीपत्रकात त्याला काहीतरी भारी इंग्रजी नाव होतं. प्रत्यक्षात दोन दारं, मधोमध बेसिनच्या पाइपाचं वळण, आणि उजवं दार उघडायला गेलं की कमोडला आपटून अर्ध्यावर थांबायचं. बाथरूमच मुळात एवढी लहान की आत वळताना कोपर नळाला लागतो. पण मी त्या कपाटात पाइपाच्या दोन्ही बाजूंनी धुतलेले तेलाचे कॅन पाणी भरून असे काही बसवले होते की बघत राहावं. पुढे थोडी जागा उरायची, तिथे ब्रश, साबण, शाम्पू. पाण्याची पाळी लांबली की शेवटच्या दिवशी त्यातलाच कॅन उचलून मी स्वयंपाकाला घ्यायचे. झाकणं घट्ट होती, कॅन स्वच्छ होते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माल लावणं हे माझं रोजचं काम आहे. मी बियाण्यांच्या एका कंपनीच्या गोदामावर आहे. जो माल आधी जायचा तो दाराशी, जो नंतर जायचा तो मागे, जड ते खाली, हलकं ते वर. हमाल माझ्या तोंडाला लागत नाहीत. त्यामुळे घरातल्या एका फुटकळ कपाटानं माझे दिवस खाल्ले, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

झालं असं की माझे सासरे ऑपरेशन करून आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी एकटेच राहायचे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून स्वतःचं स्वतः करायचे आणि कोणी मदतीला गेलं तर त्याला चहा पाजून परत पाठवायचे. आतड्याचं दुखणं निघालं, संभाजीनगरला ऑपरेशन झालं आणि पोटाला पिशवी लागली. आतडं बरं होईपर्यंत मळ त्या पिशवीत येणार, मग दुसरं ऑपरेशन करून पिशवी काढणार. डॉक्टरांनी एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावली होती. पिशवीभोवतीची कातडी कोरडी आणि धड राहिली पाहिजे. ती बिघडली तर दुसरं ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल.

मामा हा माणूस सुनेच्या खोलीत शिरायच्या आधी खाकरून दारात थांबणारा. मी त्यांना तोवर कधी टोपीशिवाय बघितलेलं नव्हतं. अशा माणसाला पोटाला पिशवी लागली आणि घरात बाईमाणूस कोण, तर मी, सून. पिशवीचं नावसुद्धा ते घ्यायचे नाहीत. नवऱ्यापाशी बोलताना ‘ते’ म्हणायचे, माझ्यासमोर तेही नाही.

सगळं सामान त्यांनी एका कापडी झोळीत घालून स्वतःच्या कॉटखाली ठेवलं होतं. पिशव्या, पोटाला चिकटवायच्या चकत्या, पावडर, कापूस, कात्री. बाथरूमला जाताना ती झोळी टॉवेलखाली झाकून न्यायची, आत नळाच्या तोटीला अडकवायची आणि काम झालं की परत आणायची. वापरलेली पिशवी कागदात गुंडाळून, तीही टॉवेलखाली धरून, खोलीत नेऊन ठेवायची. सकाळी घंटागाडीचा आवाज आला की जिना उतरून स्वतः टाकायला जायचे. टाके ओले असलेला माणूस तीन मजले उतरतोय आणि चढतोय. मी म्हटलं मी टाकते, तर ऐकूच न आल्यासारखं केलं.

व्हायचं तेच झालं. नवरा स्टीलच्या कारखान्यात पाळीवर होता, मी गोदामावर. मामांची झोळी तोटीवरून घसरली आणि सगळं सामान ओल्या फरशीवर पडलं. त्यांना वाकता येत नव्हतं. कसंबसं उचललं, भिजलेली चकती तशीच लावली आणि कोणाला बोलले नाहीत. आठवड्यानं दवाखान्यात दाखवायला गेलो तेव्हा कातडी लालभडक झालेली, एका बाजूनं सोललेली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा झोळी पडल्याचं बाहेर आलं. डॉक्टर माझ्या नवऱ्याला बोलले, नवरा खाली मान घालून ऐकत राहिला. कातडी भरून आली नाही तर ऑपरेशनची तारीख देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परत येताना गाडीत मामा म्हणाले, येत्या रविवारी मी गावाकडं जातो. तिकडं अंगण मोठं आहे, कोणाला त्रास नाही. नवरा म्हणाला, तिकडे बघणार कोण? मामा म्हणाले, इकडं तरी कोण बघून राह्यलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, कोणी बघू नये हीच त्यांची इच्छा होती. पण मला ते लागलं. गावाकडे संडास अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाणी हौदातून काढायचं, आणि जखम चिघळली तर रिक्षा करून तालुक्याला. तिकडे गेले तर मामा आयुष्यभर पिशवी लावून बसतील, हे मला दिसत होतं. मी ठरवलं, जाऊ द्यायचं नाही. हातापाया पडून थांबणारा माणूस तो नव्हे. मला दुसरं काहीतरी करायला हवं होतं.

मी सुतळी आणि टेप घेऊन बाथरूममध्ये शिरले. स्टूलवर बसले, मामा बसतील तशी, पाठ ताठ ठेवून, आणि हात कुठवर पोचतो ते बघितलं. खाली कुठेच पोचत नव्हता. कपाटातली एकही वस्तू वाकल्याशिवाय हाती येत नव्हती. एवढ्या वर्षांत मी तिथे रोज वाकत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आधी उजवं दार काढून टाकलं. जे दार अर्धंच उघडतं ते दार कशाला हवं? तिथे जाड कापडाचा पडदा लावला. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला असतं तसलं सरकतं चॅनल आणलं. दुकानदार म्हणाला, ताई, बाथरूमला कोणी ट्रॉली करत नसतं. मी म्हटलं, आता केली. वरच्या अर्ध्या भागात पाइपाच्या बाजूनं बसेल असा अरुंद ट्रे लावला, बसल्या जागी ओढला की मांडीपर्यंत येणारा. भांड्याच्या दुकानातून मसाल्याच्या डब्यातल्या सुट्या वाट्या आणल्या. एका वाटीत कापूस, एकीत पावडर, चकत्या उभ्या, पिशव्या आडव्या. जे आधी लागतं ते हाताशी. डाव्या दाराला आतून एक लहान आरसा ठोकला, कारण पोटाची खालची बाजू बसून दिसत नाही, हे मी दवाखान्यातल्या नर्सकडून विचारून घेतलं होतं. ड्रिल दाराच्या आरपार जायचं तेवढं राहिलं, बाकी हातांची सालटी निघाली.

कॅन मी जागचे हलवले नाहीत. ते खालच्या अर्ध्या भागात तसेच राहिले. जड ते खाली.

मामांना मी स्वतः काही सांगितलं नाही. नवऱ्याकरवी निरोप दिला की तुमचं सगळं सामान आता तिथेच राहील, झोळी न्यायची गरज नाही. मामा बरं म्हणाले.

आणि झोळी टॉवेलखाली जात राहिली, येत राहिली. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी ट्रे ओढून पाहिला. पावडरीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. एका वाटीत झुरळाचं पिल्लू बसलं होतं, तेवढाच काय तो वापर. माझं डोकं फिरलं. सरकतं चॅनल, आरसा, वाट्या, हाताची सालटी, आणि हे गृहस्थ नुसते बरं म्हणतात. नवऱ्याला म्हटलं, विचारा तुमच्या वडलांना. त्यानं विचारलं. सवय नाही, एवढंच उत्तर आलं. नवरा म्हणाला, सोड ना आता, त्यांचं ठरलंय. त्याला बापाच्या हट्टापुढे मान टाकायची लहानपणापासून सवय आहे. मला नाही.

शनिवारी सकाळी मामा कॉटवर बसून धोतराच्या घड्या घालत होते. उद्याची तयारी चालली होती. मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना तोंडावर विचारलं, की मामा, मी एवढं केलं ते तुम्हाला का चालत नाही? माझं काही चुकलं असेल तर सांगा. पण न सांगता जाऊ नका.

मामा बराच वेळ घडी मोडून परत घालत बसले. मग जमिनीकडे बघत म्हणाले,

“त्या कपाटात पाणी हाये.”

मी म्हटलं, असू दे की, झाकणं घट्ट आहेत.

“परवा तू त्याच्यातलं पाणी कुकरला घेतल्तं. मी पाह्यलं. त्या पाण्यावर सगळं घर जेवून राह्यलं, माय. अन् त्याच्या शेजारी मी माझं हे ठेवू? मला न्हाई जमत. बिलकुल न्हाई जमत.”

“मंग आधी का न्हाई सांगितलं?” मी विचारलं.

“काय सांगू? तू एवढा खर्चा केला, एवढ्या हौसेनं केलं.”

मी तिथेच चौकटीला टेकून उभी राहिले. तोंडाशी आलं होतं की मामा, पिशव्या कोऱ्या असतात, पाकिटात बंद असतात, कॅनला काही होत नाही. पण ते शब्द बाहेर काढायच्या आधीच मला माझं गोदाम आठवलं. बियाणं एका खोलीत आणि फवारणीची औषधं दुसऱ्या खोलीत. दोन्ही सीलबंद असतात, तरी एका खोलीत मी ठेवू देत नाही. कोणी म्हणालं की मॅडम, सील आहे, ठेवू का शेजारी, तर त्याला मी हाकलून देईन. मामांचं सामान विष नव्हतं, आजारी माणसाचं स्वच्छ सामान होतं. पण ज्यानं आयुष्यभर पिण्याच्या माठाला हात लावायच्या आधी हात धुतले, त्याला मी पाण्याच्या डोक्यावर बसवलं होतं. आणि तो मला वाईट वाटू नये म्हणून सोललेली कातडी घेऊन गावाला निघाला होता. मला त्यांचा राग आला, माया आली, दोन्ही एकदम आलं.

मी विचारलं, “उद्याची गाडी कितीची?”

“अकराची हाये.”

“मंग मला टाइम हाये,” असं म्हणून मी पदर खोचला.

कॅन काढायचे म्हणजे ठेवायचे कुठे, हा प्रश्न जालन्यात लहान नाही. पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं आणि घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं होतं. गॅलरीत ऊन, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. शेवटी मी बाहेरच्या खोलीतला दिवाण उघडला. त्यात माझा लग्नातला शालू, आईनं दिलेल्या पैठण्या, चार दुलया आणि नवऱ्यानं जपून ठेवलेली कॅरमची फळी होती. शालू आणि पैठण्या सूटकेसमध्ये गेल्या, दुलया माळ्यावर कोंबल्या, कॅरम शेजाऱ्यांच्या मुलांना देऊन टाकला. नवरा पाळीवरून आला तेव्हा मी एकेक कॅन कडेवर घेऊन दिवाणात ठेवत होते. म्हणाला, पाणी दिवाणात? पाहुण्यांच्या बुडाखाली? मी म्हटलं, पाहुण्याला तहान लागली तर लांब जायला नको. त्यानं एकदा वडलांच्या खोलीकडे बघितलं, बूट काढले आणि उरलेले कॅन उचलायला लागला.

कपाट पूर्ण रिकामं झाल्यावर दिसलं की खालची फळी कॅनच्या ओलीनं फुगून काळी पडलीये. मी ती घासली, टेबलफॅन बाथरूमच्या दारात लावून संध्याकाळपर्यंत वाळवली आणि वर गोदामातलं जाड प्लॅस्टिक अंथरून कडेनं पट्ट्या मारल्या. खाली दुसरा ट्रे बसवला, त्यात झाकणाचा डबा ठेवला, म्हणजे वापरलेली पिशवी घरातून मिरवत न्यायला नको. आमचे ब्रश, साबण, शाम्पू, सगळं बाहेर काढून भिंतीवर एक फळी ठोकली त्यावर गेलं. कपाटात आमच्या घरातली एकही वस्तू उरली नाही.

मग मी परत मामांच्या दारात गेले. त्यांना म्हटलं, पाणी तिथून गेलं, परत यायचं नाही. कपाट तुमचं. तुमच्याशिवाय ते कोणी उघडणार नाही, मीही नाही. डबा तेवढा बाहेर सरकवून ठेवत जा, तुमचा मुलगा तो घंटागाडीत रिकामा करेल. हे सगळं मी भिंतीकडे बघून बोलले, कारण त्यांच्याकडे बघून बोलले असते तर ते ऐकू शकले नसते. मामा म्हणाले, एकट्या माणसासाठी आख्खं कपाट. मी म्हटलं, हो.

रविवारी सकाळी त्यांची बॅग दाराशी ठेवलेली होती. धोतर, टोपी, पायात चपला. नवरा गाडीची किल्ली हातात घेऊन इकडून तिकडे फिरत होता. मी पोळ्यांची कणीक मळत होते आणि एवढ्या जोरात मळत होते की परात सरकत होती. मला रडायचं नव्हतं आणि परत विनवायचंही नव्हतं. माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं होतं.

निघायच्या आधी मामांनी चपला काढल्या आणि बाथरूममध्ये गेले. झोळी खोलीतच होती. मला वाटलं विसरले. हाक मारावी का या विचारात मी ओट्यापाशी उभी होते, तेवढ्यात आतून चॅनल सरकल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काही नाही. मग परत सरकल्याचा आवाज. मी कणकेतून हात काढला नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं. मामा रिकाम्या हातानं बाहेर आले, खाकरले, आणि बाहेरच्या खोलीत दिवाणावर जाऊन बसले. नवऱ्यानं विचारलं, निघायचं का? मामांनी बॅगेकडे बघितलं आणि म्हणाले, राहू दे, ऊन लय झालं. बाहेर सकाळचे दहा वाजले होते आणि आभाळ भरून आलं होतं. मी पोळ्या लाटायला घेतल्या आणि त्या दिवशी त्या जरा जास्तच झाल्या.

पुढचे तीन-चार आठवडे मी शब्द पाळला. कपाटाच्या बाजूला झाडू मारला, पण दाराला बोट लावलं नाही. आतून काय संपलं, काय उरलं, मला माहीत नसायचं. नवरा विचारून आणायचा. कातडी कशी आहे हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं, कारण मामा त्यालाही दाखवत नव्हते. बरं आहे, म्हणायचे. त्यांचं बरं म्हणजे काय असतं ते मी एकदा बघितलेलं होतं, त्यामुळे मला त्या शब्दाचा धसका बसला होता. गोदामावर माल मोजताना मध्येच मन घरी जायचं.

दवाखान्याची तारीख आली. त्या दिवशी डॉक्टर बघणार आणि ऑपरेशनचं ठरवणार. आम्हाला लवकर निघायचं होतं. मी डबा भरत होते आणि मामा बाथरूममध्ये होते. मला हाक ऐकू आली. त्यांनी आतून कधीच हाक मारली नव्हती, म्हणून पडले की काय असं वाटून मी धावले. बाथरूमचं दार उघडं होतं. मामा स्टूलवर बसले होते, ट्रे मांडीपर्यंत ओढलेला, कपाटाचं डावं दार उघडं, आरसा समोर. टोपी काढून ट्रेमधल्या वाट्यांवर ठेवलेली होती. एका हातानं त्यांनी सदरा वर धरला होता.

“खालच्या अंगाला मला बराबर दिसून न्हाई राह्यलं,” ते म्हणाले. “डॉक्टरच्या आधी तू बघ, माय.”

मी आत गेले, खाली बसले आणि मोबाइलची बॅटरी लावली. कातडी कोरडी होती, आजूबाजूच्या अंगासारखीच, कुठेही लाल नाही. मी तसं सांगितलं. खात्रीसाठी बॅटरी परत एकदा फिरवली आणि परत सांगितलं. मामांनी सदरा खाली सोडला.